जलप्रलयाच्या कथा शेजारी-शेजारी ठेवून कशा वाचायच्या?

‘तुर्कस्तानात नोहाचं तारू सापडलं’ ही बातमी दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागते. (बायबलच्या कथेत नोहा जलप्रलयातून ज्या नावेत बसून वाचला, ते हे तारू.) सोबत डोंगरउतारावरच्या नावेसारख्या उंचवट्याचा फोटो असतो. जागा खरी आहे. अरारात पर्वताच्या दक्षिणेला, इराणच्या सीमेजवळ असलेलं हे ठिकाण दुरुपिनार या नावाने ओळखलं जातं. १९५९ साली हवाई छायाचित्रं तपासताना एका तुर्की लष्करी अधिकाऱ्याला ते दिसलं. उंचवट्याची लांबी दीडशे मीटरहून थोडी जास्त आहे. जागा पाहून आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांचा कौल ही नैसर्गिक रचना असल्याच्या बाजूने आहे, तरी बातमी काही थांबत नाही.

बातमीच्या मागोमाग दोन दावे येतात. एक म्हणजे, जगातल्या सगळ्या धर्मांत जलप्रलय आहे, त्याअर्थी तो घडलाच. दुसरा म्हणजे, नोहा हा आपला मनूच, कथा इथूनच तिकडे गेली. (कुणी हाच दावा उलट्या दिशेनेही करतं.) हे दावे करताना मूळ मजकूर वाचायचं काम राहून जातं. मजकूर शेजारी-शेजारी ठेवले की काही कथांचं नातं अगदी पक्कं ठरतं, काहींचं ठरत नाही. ते का, हे समजून घेणं फार कठीण नाही.

## मजकूर कोणते आणि किती जुने?

प्रत्येक प्राचीन कथेला तीन वयं असतात. ती पहिल्यांदा सांगितली गेली तो काळ, आजच्या रूपात रचली गेली तो काळ आणि हाती असलेली प्रत लिहिली गेली तो काळ. पहिलं वय कुणालाच काढता येत नाही. ‘कोणाची कथा आधीची’ हे भांडण बहुतेक वेळा एका कथेचं पहिलं वय दुसरीच्या तिसऱ्या वयासमोर ठेवल्यामुळे पेटतं.

इराकमधल्या कथांचं तिसरं वय सांगता येतं, कारण त्या मातीच्या पाट्यांवर लिहिल्या आहेत. ‘अत्रहासीस’ या अक्कादी भाषेतल्या काव्याची मुख्य प्रत बॅबिलोनच्या अम्मीसदुका राजाच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. १७ व्या शतकातली आहे. सुमेरी भाषेतली कथा निप्पूरला सापडलेल्या एका तुटक्या पाटीवर आहे. तिच्या नायकाचं नाव झियुसुद्रा, आणि ती १९१४ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांत सविस्तर कथा गिलगामेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर आहे, तिचा नायक उत्नपिश्तिम. या पाटीच्या प्रसिद्ध प्रती असुरबनिपाल राजाच्या निनवे इथल्या ग्रंथालयातल्या, इ.स.पू. ७ व्या शतकातल्या आहेत.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचे ६ ते ९ हे अध्याय इ.स.पू. पहिल्या सहस्रकात आकाराला आले. मनूची कथा ज्या वैदिक यज्ञग्रंथात आहे ते शतपथ ब्राह्मण साधारण इ.स.पू. ८ व्या ते ६ व्या शतकातलं मानतात, पण ते पाठांतराने चालत आलं आणि त्याची हस्तलिखितं फार नंतरची आहेत. म्हणून नुसत्या पाटीच्या वयावरून शतपथाला ‘उशिराचं’ ठरवणं बरोबर नाही. त्याचबरोबर ऋग्वेदात जलप्रलयाची कथा नाही, हेही विसरू नये. महाभारत, मत्स्यपुराण आणि भागवतातली रूपं शतपथानंतरची. कुराण इसवी सनाच्या ७ व्या शतकातलं.

## १८७२ साली काय घडलं?

जॉर्ज स्मिथने चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती आणि चलनी नोटांचे ठसे कोरण्याचं काम तो शिकत होता. जेवणाच्या सुटीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन निनवेहून आलेल्या पाट्या बघता बघता तो कीलाक्षर लिपी वाचायला शिकला आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. एका फुटक्या पाटीवर त्याला डोंगराला टेकलेली नाव, सोडलेलं कबुतर आणि जागा न मिळाल्याने परत आलेलं कबुतर एवढा मजकूर लागला. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने लंडनमध्ये निबंध वाचला, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते.

खळबळ उडाली ती पुरामुळे नव्हे, पक्ष्यांमुळे. गिलगामेशमध्ये नाव निमुश डोंगराला लागते. सातव्या दिवशी उत्नपिश्तिम कबुतर सोडतो. ते परत येतं. मग तो पाकोळी सोडतो, तीही परत येते. मग डोमकावळा सोडतो. त्याला पाणी ओसरलेलं दिसतं, खायला मिळतं आणि तो परतत नाही. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात नोहा आधी डोमकावळा सोडतो, तो ये-जा करत राहतो. नंतर तो कबुतर सोडतो. ते पहिल्यांदा रिकामं परत येतं, सात दिवसांनी चोचीत जैतुनाचं पान घेऊन येतं आणि आणखी सात दिवसांनी सोडल्यावर परत येतच नाही.

दोन्हीकडे त्यानंतर लगेच होम आहे. बॅबिलोनच्या कथेत त्याचा सुवास देवांना येतो आणि ते माश्यांसारखे यज्ञकर्त्याभोवती जमतात. उत्पत्तीत परमेश्वर तो सुवास घेतो आणि भूमीला पुन्हा शाप न देण्याचं ठरवतो.

## कोणतं साम्य मोजायचं?

परीक्षेत दोन मुलांनी एकाच गणिताचं बरोबर उत्तर लिहिलं, तर कुणी कुणाचं पाहून लिहिलं असा संशय येत नाही. दोघांचं उत्तर एकाच विचित्र पद्धतीने चुकलं असेल तर मात्र पर्यवेक्षक थांबतो. कथांनाही हाच नियम लागू आहे.

कथेच्या सुट्या करता येण्याजोग्या तुकड्याला ‘कथाघटक’ म्हणतात. पुराची कोणतीही कथा घेतली तरी काही कथाघटक अपरिहार्यच असतात. खूप पाणी हवं, वाचणारा माणूस हवा, तरंगणारं काहीतरी हवं आणि टेकायला उंच जागा हवी. एवढं साम्य असलं तर ते बरोबर उत्तरासारखं आहे, त्यावरून नातं सिद्ध होत नाही. पक्षी मात्र अपरिहार्य नाहीत. नायक दार उघडून बघू शकतो, दोरीला दगड बांधून खोली मोजू शकतो किंवा देव त्याला सांगू शकतो. पक्षी, तेही एकाहून जास्त वेळा सोडणं, पक्षी न परतणं हीच खूण ठरणं, त्यात डोमकावळा आणि कबुतर दोन्ही असणं आणि लगेच पुढे होमाचा सुवास येणं, असे पाच अनावश्यक तपशील त्याच जागी लागोपाठ आले, तर योगायोग म्हणणं अवघड जातं.

म्हणजे करायचं ते असं. आधी दोन्ही कथांचे घटक त्यांच्या क्रमाने लिहून काढावेत. कोणत्याही पूरकथेला लागतीलच ते खोडावेत. राहिले त्यांचा क्रम जुळतो का ते पाहावं. शेवटी, कथा एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचायला वाट होती का, हे पुराव्याने तपासावं. पुष्कळ लेखक पहिल्या पायरीवर थांबतात आणि जुळणाऱ्यांची यादी छापतात. न जुळणाऱ्यांची यादी तेवढीच महत्त्वाची असते.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हजाराहून अधिक हस्तलिखितांवरून तयार केली. त्या कामातही दोन पोथ्यांचं नातं ओळखायला सामायिक चुका आणि सामायिक भर उपयोगी पडते. बरोबर पाठ सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे त्यावरून पोथ्यांचं घराणं कळत नाही.

असा एक सांधा गिलगामेशमध्येच उघडा राहिला आहे. नायकाचं नाव सगळीकडे उत्नपिश्तिम, पण एके ठिकाणी एआ देव म्हणतो की मी अत्रहासीसला स्वप्न दाखवलं. जुन्या काव्यातून कथा घेताना जुन्या नायकाचं नाव तसंच राहून गेलं. ते जुनं काव्य आपल्या हातात नसतं, तरी या एका नावावरून उसनवारी ओळखता आली असती.

## तारवाची मापं काय सांगतात?

उत्पत्तीत तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच आहे, त्याला तीन मजले आहेत. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर लांबी १३५ मीटर होते. गिलगामेशमधली नाव मात्र चक्क चौकोनी ठोकळा आहे, प्रत्येक बाजू १२० हात. बॅबिलोनी हात अर्ध्या मीटरचा, म्हणजे बाजू ६० मीटर आणि तळाचं क्षेत्रफळ ३,६०० चौरस मीटर. हे क्षेत्रफळ ‘इकू’ या बॅबिलोनी जमीनमोजणीच्या एककाइतकं आहे, आणि कवी तसं सांगतोही.

असा ठोकळा पाण्यात स्थिर राहणार नाही. मग हे माप आलं कुठून? ब्रिटिश म्युझियमचे अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या सुमारे साठ ओळींच्या एका जुन्या पाटीने याचं उत्तर दिलं. इ.स.पू. १९०० ते १७०० च्या दरम्यानच्या या पाटीत नाव गोल आहे, आपल्याकडे तुंगभद्रेत किंवा कावेरीत चालणाऱ्या हरिगोलासारखी. इराकच्या नद्यांत अशा गोल नावा विसाव्या शतकापर्यंत चालत होत्या. पाटी सांगते की तळ एक इकू ठेवावा. हिशोब केला तर व्यास जवळजवळ ६८ मीटर येतो. भिंती सुमारे सहा मीटर उंच, बांधणी दोरखंडाची, आणि आतून-बाहेरून डांबर. प्राण्यांच्या जोड्यांचा उल्लेखही याच पाटीत आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ पुढच्या कवींनी चौरसाचं धरलं, माप तेच राहिलं आणि नाव ठोकळा झाली.

आता नोहाच्या तारवाचा तळ पाहा. ३०० गुणिले ५० म्हणजे १५,००० चौरस हात. उत्नपिश्तिमचा १२० गुणिले १२० म्हणजे १४,४००. आकार पूर्ण वेगळे असूनही तळाचा आकडा इतका जवळ आहे. एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण दोन्हीकडचा हात सारखा नाही. पक्ष्यांच्या पुराव्याला जोड म्हणून मात्र हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या पाटीवरून केरळमध्ये पारंपरिक कारागिरांकडून छोट्या मापाची गोल नाव बांधून घेण्यात आली. ती तरंगली, पण डांबराच्या थरातून पाणी आत येत राहिलं. डांबर किती, कसं आणि किती जाड लावायचं यावर त्या पाटीने इतक्या ओळी का खर्च केल्या, ते यावरून समजतं.

## बायबलमधलीच कथा दोनदा का सांगितल्यासारखी वाटते?

हा प्रश्न नीट वाचणाऱ्याला पडतोच. उत्पत्ती ६:१९ मध्ये प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायची आहे, तर ७:२ मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात घ्यायच्या आहेत. एकीकडे चाळीस दिवस-रात्र पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवस पाण्याचा जोर. १७५३ साली फ्रेंच वैद्य झाँ अस्त्र्युक याने सुचवलं की उत्पत्तीत दोन जुने मजकूर गुंफले आहेत. एकात देवाचं ‘याहवे’ हे नाव येतं, दुसऱ्यात ‘एलोहीम’. पूरकथेत हे दोन धागे इतके स्वच्छ सुटतात की प्रत्येक धागा जवळपास स्वतंत्र कथा म्हणून वाचता येतो. सात जोड्यांच्या धाग्यात नंतर होम आहे. एकेकच जोडी घेतली असती आणि तिच्यातला एक पशू होमात गेला असता, तर ती जातच संपली असती. म्हणून तो धागा शुद्ध पशू जास्त घेतो. तारखा आणि मापं देणाऱ्या दुसऱ्या धाग्यात होम नाही, त्यामुळे तिथे एक जोडी पुरते.

कथा पोचायला वाट होती का? होती. गिलगामेशच्या एका पाटीचा तुकडा आजच्या इस्राएलमधल्या मगिद्दो इथे मिळाला आहे, तो इ.स.पू. १४ व्या शतकाच्या सुमाराचा. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितला पूरकथेचा तुकडाही मिळाला. पुढे इ.स.पू. ६ व्या शतकात यहुदी लोकांना बॅबिलोनला नेण्यात आलं. अनावश्यक तपशील, त्यांचा क्रम आणि वाट, या तिन्ही गोष्टी जुळतात, म्हणून या दोन कथांचं नातं अभ्यासकांत जवळपास सर्वमान्य आहे.

## मनूची कथा मुळात कशी आहे?

आपल्या डोक्यात पुराणांतलं चित्र असतं: मत्स्यावतार, सप्तर्षी, बियाणं, वासुकीचा दोर. शतपथ ब्राह्मणात (१.८.१) यातलं जवळजवळ काहीच नाही.

सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात. त्याच्या हातात एक छोटा मासा येतो. मासा म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. कशापासून? लोंढा येणार आहे, तो या सगळ्या प्रजा वाहून नेईल. तुला वाढवायचं कसं? मासा सांगतो, आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, म्हणून आधी घड्यात ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोड. पुढे पाणी चढतं, मनू नावेत बसतो, माशाच्या शिंगाला दोर बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या डोंगरापलीकडे नेतो. मग एक अगदी व्यवहारी सूचना येते: नाव झाडाला बांध, पण डोंगरावरच अडकून राहू नकोस, पाणी जसं उतरेल तसतसा खाली उतर.

कुणी पाप केलेलं नाही, कुणी रागावलेलं नाही. प्राणी नाहीत, बायकामुलं नाहीत, पक्षी नाहीत, नावेचं माप नाही. मासा विष्णू असल्याचा शब्दही नाही. मनू एकटा उरतो. मग तो पाण्यात तूप, दही, दह्यावरचं पाणी आणि नासवलेल्या दुधाचा चोथा अर्पण करतो. वर्षभरात त्यातून एक स्त्री उभी राहते. तिच्या पावलांत तूप साचतं. ती इडा. तिच्या साहाय्याने मनू प्रजा निर्माण करतो.

शतपथाला खरं सांगायचं आहे ते यापुढे. यज्ञात ‘इडा’ नावाचा एक विधी असतो, तो कशासाठी करायचा हे समजावताना ही कथा येते. पूर ही प्रस्तावना आहे. वाचणारे बहुतेक लोक पूर संपला की थांबतात, आणि ज्या कारणाने कथा सांगितली ते सुटून जातं.

कथा पुढे कशी वाढली तेही पाहण्यासारखं आहे. महाभारताच्या वनपर्वात सप्तर्षी आणि बियाणं नावेत येतं, हिमालयाच्या शिखराला नौबंधन हे नाव मिळतं आणि मासा स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो. मत्स्यपुराणात मासा विष्णू होतो, मनू मलय पर्वतावर तप करतो, दोर म्हणून सर्प येतो, आणि प्रलयातून वाचणाऱ्यांत नर्मदाही असते. भागवताच्या आठव्या स्कंधात नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत, नदी कृतमाला, मुदत सात दिवसांची, आणि हयग्रीवाने वेद चोरल्याचं उपकथानक जोडलेलं. कथा हिमालयाकडून दक्षिणेकडे सरकली, आणि माशाची ओळख दर टप्प्याला बदलली. हाच सत्यव्रत पुढे वैवस्वत मनू होतो. आपल्या घरी पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘वैवस्वतमन्वंतरे’ म्हणतात, तो हा मनू.

## मग मनू म्हणजेच नोहा का?

वर सांगितलेल्या पायऱ्या इथे लावून पाहू. आगाऊ सूचना, नाव आणि डोंगर हे अपरिहार्य म्हणून खोडले. नंतरचा यज्ञ राहतो, पण दोन्ही समाजांत संकटातून सुटल्यावर यज्ञ करणं ही रोजची रीत होती, त्यामुळे त्याचं वजन कमी. पक्षी नाहीत. मोठा होत जाणारा मासा आणि त्याचं शिंग इराकच्या किंवा बायबलच्या कथेत नाही. एआ हा गोड्या पाण्याचा देव आणि बकरा-मासा हे त्याचं चिन्ह, म्हणून काहींनी धागा जोडून पाहिला. पण एआ नायकाला पुराची सूचना भिंतीआडून कुजबुजून देतो, नाव ओढत नाही.

वाट होती का? सिंधू संस्कृतीचे शिक्के इराकमधल्या उर शहरात सापडले आहेत, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात व्यापार होता. शतपथ त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी येतं आणि मधली एकही कडी हाती नाही. कथा इकडून तिकडे गेली किंवा तिकडून इकडे आली, यापैकी काहीही म्हणायला आधार नाही. ‘मनू’ आणि ‘नोहा’ या दोन्ही शब्दांत ‘न’ आहे, हा आधार नव्हे. पुराणांमध्ये मात्र प्राणी, बियाणं, सात दिवस असे तपशील वाढतात, आणि त्या काळात पश्चिमेशी संपर्क होता. त्यामुळे पुराणातला तपशील दाखवून शतपथाची कथा नोहाशी जुळते असं म्हणणं ही ठरलेली चूक आहे. प्रत्येक थर वेगळा तपासावा लागतो.

## पूर का आला?

या कथांमधला सगळ्यांत खोल फरक इथे आहे. अत्रहासीस काव्यात देवांनी कालवे खणायला माणूस घडवला. माणसं वाढली, त्यांचा गोंगाट इतका झाला की एन्लिल देवाला झोप येईना. त्याने रोगराई पाठवली, मग अवर्षण, मग दुष्काळ, शेवटी पूर. पूर आल्यावर देव उपाशी पडले, कारण नैवेद्य दाखवणारं कुणी उरलं नाही. शेवटी तडजोड झाली: काही स्त्रियांना मूल होणार नाही, काही पुजारणींनी मूल होऊ द्यायचं नाही आणि एक राक्षसी तान्ही मुलं पळवून नेईल. बाळं का दगावतात, या दुःखाला चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दिलेलं हे उत्तर आहे.

उत्पत्तीत कारण नैतिक आहे, पृथ्वी जुलमाने भरली होती. पुरानंतर आज्ञा येते ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’, म्हणजे अत्रहासीसच्या नेमकं उलट. कथा उसनी घेतली आणि तिचा निष्कर्ष बदलला. आणखी एक बारीक गोष्ट आहे. माणसाच्या मनातले विचार दुष्ट असतात हे पुराआधी शिक्षेचं कारण असतं (६:५), आणि पुरानंतर तेच वाक्य पुन्हा शिक्षा न करण्याचं कारण होतं (८:२१). पुराने माणूस सुधारला नाही, असं बायबलच सांगतं.

कुराणात (सूरा ११) भर नूहने दिलेल्या इशाऱ्यावर आणि लोकांनी तो धुडकावण्यावर आहे. तिथे नूहचा मुलगा नावेत यायला नकार देतो, डोंगरावर जाऊन वाचेन म्हणतो आणि बुडतो. बाप देवाकडे त्याच्यासाठी बोलतो, तेव्हा तो तुझ्या कुटुंबातला नव्हे असं उत्तर येतं. हा प्रसंग बायबलमध्ये नाही. पुराणांत प्रलय ही शिक्षा नसून ब्रह्मदेवाचा दिवस संपल्याची वेळ आहे.

## ‘पण एवढ्या लोकांनी सांगितलं, म्हणजे काहीतरी घडलंच असेल’

पूर घडले, भरपूर घडले. बगदाद समुद्रापासून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असूनही जेमतेम ३४ मीटर उंचीवर आहे. अशा सपाटीत वसंतात डोंगरांतलं बर्फ वितळून तैग्रिस आणि युफ्रेटिस फुगल्या की क्षितिजापर्यंत पाणी दिसायचं, आणि तेही पीक काढणीच्या तोंडावर. लिओनार्ड वूली यांना उरमध्ये खणताना साडेतीन मीटरच्या आसपास जाडीचा निव्वळ गाळाचा थर लागला आणि १९२९ साली त्यांनी तो जलप्रलयाचा म्हणून जाहीर केला. पण वीसेक किलोमीटरवरच्या एरिदूत तो थर नाही. उत्नपिश्तिमच्या शुरुप्पाक गावात थर आहे, पण इ.स.पू. २९०० च्या सुमाराचा, उरच्या थरापेक्षा कितीतरी नंतरचा. म्हणजे वेगवेगळ्या काळातले स्थानिक पूर.

साऱ्या पृथ्वीवर पाणी चढायचं तर ते आणायचं कुठून? हवेतली सगळी वाफ एकदम पडली तर सरासरी अडीच सेंटिमीटर पाऊस होईल. एव्हरेस्ट बुडवायला आजच्या सर्व महासागरांच्या तिपटीहून जास्त पाणी लागेल. अंटार्क्टिकात आठ लाख वर्षांचं बर्फ थरावर थर अखंड आहे.

हिमयुग संपताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला, त्याची ही आठवण असेल, असंही म्हणतात. तो चढ हजारो वर्षांत झाला, सर्वांत वेगवान टप्प्यातही वर्षाला चारेक सेंटिमीटर. नाव बांधून पळावं असा तो प्रसंग नव्हता. काळा समुद्र अचानक भरला हा १९९७ साली मांडलेला तर्क आकर्षक आहे, पण पाणी किती आणि किती वेगाने आलं यावर अजून एकमत नाही. आणि अरारातचं म्हणाल तर, उत्पत्ती ८:४ मध्ये ‘अरारातच्या डोंगरांवर’ असं म्हटलं आहे. तो अख्ख्या प्रदेशाचा उल्लेख आहे. कुराणात जागा जुदी आहे.

आणि सगळ्या लोकांकडे अशी कथा नाहीच. इजिप्तमध्ये नाईलचा पूर म्हणजे सुगी, म्हणून तिथे माणसांचा संहार पुराने होत नाही, सेखमेत देवी करते. आफ्रिकेच्या मोठ्या भागात अशा कथा विरळ आहेत. चीनमधल्या महापुरात होडीच नाही. तिथे यू हा नायक तेरा वर्षं पाट खणून पाणी समुद्राकडे वळवतो. आपल्या कोकणात परशुराम समुद्र मागे हटवून जमीन मिळवतो. ही सगळी उदाहरणं ‘सगळीकडे एकच कथा’ म्हणणाऱ्यांच्या यादीत एक तर गाळलेली असतात किंवा कशीबशी कोंबलेली.

## लोककथांचं काय?

मध्य भारतातल्या भिल्लांकडून नोंदवलेली एक कथा अशी आहे. एक धोबी माशाला खाऊ घालायचा. माशाने त्याला पुराची सूचना दिली. धोबी मोठ्या पेटीत बसला, सोबत बहीण आणि एक कोंबडा घेतला. पुरानंतर रामाने पाहणी करायला दूत पाठवला. कोंबडा आरवला म्हणून पेटी सापडली. रामाने विचारलं, ही बाई कोण? धोब्याने उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला तोंड करून सांगितलं की बहीण. दक्षिणेकडे वळून म्हणाला, बायको. सूचना माशाने दिली हे कळल्यावर रामाने माशाची जीभ काढवली. दोघांना सात मुलगे आणि सात मुली झाल्या.

पाण्याशी काम असलेला माणूस, माशाशी दयेचं वागणं, माशाने दिलेली सूचना: हे तीन घटक मनूच्या कथेशी जुळतात, आणि पाणी हाताशी असणं व मासा तारणारा होणं हे अपरिहार्य नाही. इथे नातं मानायला जागा आहे. दिशांची शपथ, कोंबडा आणि माशाची जीभ मात्र कोणत्याही संस्कृत ग्रंथातल्या मनूकथेत नाही. भावाबहिणीपासून पुन्हा वंश सुरू व्हायचा तर ते नातं तोडायचं कसं, हा पेच शतपथाने एकट्या मनूला इडा देऊन सोडवला होता, भिल्लांनी शपथेने सोडवला. सात या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नये. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची परंपरा आहे. सप्तर्षी, सात दिवस, सात जोड्या असा हा आकडा सगळीकडे सापडतो.

नंदुरबार-धुळ्याकडे किंवा कोकणात कुणाकडून अशी कथा ऐकायला मिळाली, तर ती नोंदवताना सांगणाऱ्याचं वय, गाव, बोली आणि त्याने ती कुणाकडून ऐकली हे आधी लिहावं. तो मिशनच्या शाळेत गेला होता का, गावात भागवत सप्ताह होतो का, तेही विचारावं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं आणि त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराचा विषय मराठी ओव्यांत आहे. तेव्हा किनारपट्टीवरच्या कथेत तारू आणि कबुतर आलं, तर ते चारशे वर्षांपूर्वीच मराठीत पोचलेलं असू शकतं. कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत, मध्ये न थांबवता उतरवावी. प्रश्न नंतर विचारावेत, कारण ‘नावेत प्राणी होते का?’ असं मध्येच विचारलं की पुढच्या वेळी त्या कथेत प्राणी येतात.